व्हायोला, खर्जाबरोबर

४ नोव्हेंबर १७६४

मास्तरांच्या वहीतली उरलेली कोरी पानं शिवून ही वही केली. पानांवर स्वरांच्या पाच-पाच रेघा आधीच आखलेल्या आहेत, त्यामुळे अक्षरं गजाआडून लिहिल्यासारखी दिसतात. मला त्याची सवय आहे. वयाच्या चौथ्या वर्षापासून तिसाव्यापर्यंत मी अनाथाश्रमाच्या जाळीमागेच व्हायोला वाजवली. खाली चर्चमध्ये साऱ्या युरोपातले लोक ऐकायला यायचे, पण तोंड कुणाचंच कुणाला दिसायचं नाही. आडनाव नव्हतं. आश्रमाच्या वहीत नाव होतं पेलेग्रीना, व्हायोलावाली.

लग्नाला दीड वर्ष झालं तरी नवऱ्याला हाक मारताना तोंडातून ‘मास्तर’च येतं. ते आश्रमात शिकवायला यायचे ना! ते हसतात. म्हणतात, “अगं, माझं नाव गास्पारे आहे, छडी नाही.”

आज त्यांना नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा ऑपेरा मिळाला. अर्जेनिया नावाच्या राणीची गोष्ट. वादळात सापडलेल्या राजपुत्राला ती आसरा देते, दोघं एकमेकांना लग्नाचं वचन देतात, आणि त्याची गलबतं दुरुस्त झाली की तो निघून जातो. म्युनिकच्या दरबाराचा माणूस ऐकायला येणार आहे. आवडलं तर दरबारात कायमची जागा. मास्तर मला म्हणाले, “तुला घेऊन जाईन. बर्फ बघशील, खरं बर्फ.” मी लगेच खालच्या मेनेगामावशींना जाड लोकर मागवायला सांगितली. लोक म्हणतील, बाजारात तुरी!

९ नोव्हेंबर

पहिल्या अंकातलं वचनाचं गाणं तयार झालं. राणी आणि राजपुत्र दोघं मिळून गातात. मास्तरांच्या पानांच्या नकला मीच करते; ही करायला घेतली आणि हात थांबला. ती माझी चाल होती.

पाच वर्षांपूर्वी मास्तरांनी ती आश्रमात माझ्या व्हायोलासाठी लिहिली होती. व्हायोलासाठी कुणी काही लिहीत नाही. व्हायोलिनची ही थोरली, खालच्या सुराची बहीण बिचारी मधल्या मध्ये भर घालायला असते, भाजीत पाणी घालावं तशी. जाळीच्या पलीकडून ते म्हणाले होते, “ही व्हायोला कोण वाजवतंय? तिला सांगा, तिच्यासाठी आठ ओळी लिहिल्या आहेत.” मला चेहरा नव्हता, फक्त आठ ओळी होत्या. त्यावर त्यांनी मला मागणी घातली.

संध्याकाळी विचारलं, “ही आपली चाल ना?” म्हणाले, “चांगली चाल वाया का घालवायची?” मला फार आनंद झाला. आता सारं व्हेनिस ती ऐकेल.

१५ नोव्हेंबर

मुख्य गायिका आली. तेओदोरा झांकी, फ्रिउली प्रांताची, म्हणून सगळे तिला ‘फोर्लाना’ म्हणतात. मास्तर रोज जेवण झाल्यावर तिच्या बिऱ्हाडी जातात. पद गळ्यावर बेतावं लागतं. कुठला स्वर चढतो, कुठे दम तुटतो, कुठल्या अक्षरावर तोंड वाकडं होतं, हे शिंप्यासारखं बघून मग लिहायचं असतं.

खालच्या मजल्यावरच्या मेनेगामावशी काचेचे मणी ओवतात. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे जिभेला लगाम नाही. विचारत होत्या, “शिंपी एकदा माप घेतो. तुझा नवरा रोज घेतो?”

मी सांगितलं, “मावशी, आवाज रोज बदलतो. हवा दमट असली की फारच.”

“व्हेनिसमध्ये हवा कधी कोरडी असते गं?” त्या म्हणाल्या आणि सुईवर चाळीस मणी एकदम उचलले.

त्यांना संगीतातलं कळत नाही.

२१ नोव्हेंबर

सालूते मातेचा सण. नावा जोडून बांधलेल्या पुलावरून जाऊन मेणबत्ती लावली, म्युनिकसाठी. मटणाचा रस्सा केला. मास्तर जेवायला आले नाहीत, फोर्लानाचा घसा बसला आहे आणि दुसऱ्या अंकातली सगळी पदं खालच्या सुरात उतरवावी लागताहेत. रस्सा मावशींना दिला. त्या दोन ताटं भरून वर घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसून जेवल्या, म्हणाल्या, “एकटीनं सणाचं जेवू नये.” बाई बोलायला तिखट, पण मनाची चांगली.

२९ नोव्हेंबर

आज आमचं भांडण झालं. लग्नानंतरचं पहिलं. त्यात मी बोलले फार थोडं, म्हणून त्याला भांडण म्हणावं का, कुणास ठाऊक.

टाकलेल्या राणीचं पद तयार झालं. शब्द साधे आहेत: ‘जा. वारा तुझ्या बाजूचा आहे. मी दार लावून घेते.’ यावर मास्तरांनी ट्रंपेट लावलेत, नगारे लावलेत, व्हायोलिनं खाली-वर नुसती धावतात, आणि बाई ‘जा’ या एका अक्षरावर चौदा मात्रा तान घेते. शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि ती एकटी हवी तेवढी करामत करून दाखवते.

मी म्हणाले, “ती इतकी ओरडते का?”

“टाकलेली बाई आहे ती. आग झाली आहे तिची.”

“पण ती दार लावून घेते म्हणते. दार लावणारं माणूस...”

“अगं, लोक पत्ते खेळत बसलेले असतात नाट्यगृहातल्या आपापल्या खोल्यांतून. त्यांच्या माना वर व्हायला हव्यात. हळू गायलं तर आईस्क्रीमचे चमचे ऐकू येतील, राणी नाही.” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “तुला काय कळणार त्यातलं? तू जाळीमागे वाढलीस. तुला कुणी टाकलंय का कधी?”

मी म्हणाले, “आईनं टाकलं, म्हणून तर जाळीमागे वाढले.”

यावर ते कोट घालून बाहेर गेले. मी उगाच बोलले. माणूस कामाच्या ओझ्याखाली आहे.

पण खरं सांगायचं तर मला आजही वाटतं, टाकलेलं माणूस आधी ओरडत नाही. त्याला आधी कळतच नाही. आमच्याकडे एक मुलगी होती, मारीना, बासून नावाचा लांब पावा फुंकायची. दर रविवारी केस विंचरून दारापाशी बसायची, आई न्यायला येणार म्हणून. सात वर्षं बसली. बसून काय करायची, तर आईचं एक गाणं गुणगुणायची. आग वगैरे काही नव्हती.

५ डिसेंबर

फोर्लाना घरी आली! स्वतः, चार जिने चढून. मास्तर नाट्यगृहात होते, तिला पहिल्या अंकाची प्रत हवी होती. मला वाटलं होतं नखरेल असेल. तर गोल चेहऱ्याची, थंडीनं नाक लाल झालेली, सव्वीस-सत्तावीसची पोर. हात बर्फासारखे. मी तिला शेगडीजवळ बसवलं, मक्याच्या पिठाची पोलेंता गरम करून दिली, तिनं दोनदा मागून घेतली.

भिंतीवरची व्हायोला बघून म्हणाली, “कुणाची?”

“माझी. आता वाजवत नाही. आश्रम सोडताना लिहून द्यावं लागतं, की चर्चमध्ये, नाट्यगृहात, कुणाच्या घरी, पैशांसाठी किंवा फुकट, कुठेही वाजवणार नाही. त्याशिवाय लग्नाची परवानगी आणि हुंडा मिळत नाही.”

“म्हणजे लग्नासाठी व्हायोला सोडली?”

“त्यांच्यासाठी,” मी म्हणाले.

मग तिची नजर खुर्चीवरच्या लोकरीच्या ढिगाकडे गेली. “एवढं जाड काय विणताय?”

“म्युनिकला थंडी असते म्हणे. ऑपेरा चालला तर आम्ही निघणार ना! तुम्हाला मास्तर बोलले नाहीत?”

तिनं हातातली ताटली खाली ठेवली. म्हणाली, “बोलले. तुमच्याबद्दल नाही बोलले.” आणि प्रत न घेताच निघाली, मला धावत जाऊन जिन्यात द्यावी लागली.

कलावंत माणसं विसरभोळी असतात.

१४ डिसेंबर

दिवसभर नकला. वादकांची पानं उद्या द्यायची आहेत. टाकलेल्या राणीच्या पदापाशी आले, तर मूळ प्रतीत व्हायोलाच्या ओळीवर मास्तरांनी नेहमीसारखा एकच शब्द खरडला होता: खर्जाबरोबर. म्हणजे खर्जाची वाद्यं जे वाजवतील तेच व्हायोलानं वाजवायचं, नकल करणाऱ्यानं बघून भरायचं. सगळेच संगीतकार असं करतात. व्हायोलाच्या पानाकडे पुन्हा कोण बघतो?

मला कुठून बुद्धी झाली देव जाणे. मी भरताना खर्ज नाही लिहिला, वचनाची चाल लिहिली. माझ्या आठ ओळी, मंद्र सप्तकात, हळू. सूर जुळत होते, एक-दोन ठिकाणी ओढाताण केली. म्हटलं, वर ट्रंपेट बोंबलत असतील, कुणाला ऐकूही यायची नाही, पण राणीच्या मनात कुठेतरी असेल. मारीनासारखी.

लिहीत असतानाच मेनेगामावशी वर आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “तुझा नवरा मेर्चेरीच्या बाजारात एका दुकानात दिसला. करड्या खारीच्या कातड्याचा मफ घेत होता. हात घालायचा, बायकांचा. चांगला महागातला.”

मी टुणकन उठलेच. “म्युनिकसाठी!”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. “असेल,” म्हणाल्या. मग पुन्हा, “असेल हो,” आणि खाली गेल्या.

माझ्यासाठी आजवर कुणी काही विकत आणलेलं नाही. आश्रमाचे कपडे आश्रमाचे, लग्नाचा झगा मेलेल्या सासूबाईंचा. त्या आनंदातच मी पान पुरं केलं, चाल शेवटपर्यंत लिहून काढली, पानं गुंडाळून बांधली आणि माणसाबरोबर पाठवली सुद्धा.

मफबद्दल मी विचारणार नाही. नाताळला देणार असतील.

२३ डिसेंबर

काल रंगीत तालीम झाली. मास्तर म्हणाले ठीक झाली. टाकलेल्या राणीच्या पदाचा शेवट घेतलाच नाही, फोर्लाना आवाज राखून गात होती, शेवटाशी आल्यावर तिनं नुसता हात हलवला आणि ते पुढे गेले.

आत्ता, हे लिहिताना आठवलं. तिथे सगळी वाद्यं थांबतात. प्रत्येक पानावर थांब्याची खूण असते. मी व्हायोलाच्या पानावर ती केली नाही! चाल तशीच पुढे लिहीत गेले. पानं नाट्यगृहाच्या कपाटात, कुलपात. मास्तरांना सांगावं तर ते आज घरीच आले नाहीत.

सांगेन.

२५ डिसेंबर

नाही सांगितलं. ते आले, ईल मासा जेवले, डोकं दुखतंय म्हणाले, झोपले. त्यांची झोप मोडवेना. दोन म्हातारे व्हायोलावाले आहेत, ऐनवेळी स्वतःच थांबतील, आयुष्य गेलंय त्यांचं थांबण्यात.

मफ अजून दिला नाही. बहुधा निघताना देतील.

२७ डिसेंबर

म्हातारे थांबले नाहीत.

काल मी नाट्यगृहात पाचव्या मजल्यावरच्या खोलीत होते, मुखवटा लावून, मेनेगामावशींबरोबर. पहिले दोन अंक नेहमीसारखे: लोक जेवत होते, समोरच्या खोलीत पत्ते चालले होते, खाली मागच्या बाकांवर फुकट घुसलेले गोंडोलावाले सगळ्यात लक्ष देऊन ऐकत होते. मावशींचा भाऊ बोर्तोलो त्यांच्यातच.

राणीचं पद आलं. ट्रंपेट, नगारे, ताना. पत्ते चालूच. मग सगळं एकदम थांबलं, फोर्लानानं करामतीसाठी श्वास भरून घेतला, आणि त्या शांततेत खालून दोन व्हायोला वाजत राहिल्या. दोनच. वचनाची चाल. म्हातारे मान खाली घालून पानावर लिहिलंय तेच वाजवत होते.

मास्तरांनी हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांवरून मान वर केली. मी मावशींचा हात धरला.

फोर्लानानं उघडलेलं तोंड मिटलं. ती ऐकत राहिली. पहिल्या अंकात हीच चाल तिनं हातात हात घालून गायली होती, ती प्रेक्षकांनाही आठवली असणार, कारण पत्ते वाटणारा हात तसाच थांबलेला मी पाहिला. चाल संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग ती, एकही तान न घेता, जवळजवळ बोलल्यासारखं, खालच्या सुरात म्हणाली, ‘मी दार लावून घेते.’

देवा, काय ती शांतता! आणि मग काय तो गलका! खाली बोर्तोलो बाकावर चढून ओरडत होता. पद तीनदा गाऊन घेतलं. मावशी रडत होत्या. मी विचारलं, “मावशी, तुम्हाला आवडलं?” त्यांनी नुसतं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

नंतर मागच्या दारी मास्तरांनी मला बाजूला घेतलं. “व्हायोला तू लिहिल्यास?”

“चूक झाली. थांब्याची खूण राहिली.”

“कुणाला बोलू नकोस. म्युनिकवाला म्हणतो, असं टाकलेलं हृदय त्यानं कधी ऐकलं नव्हतं.” त्यांचे डोळे चमकत होते. मला जवळ घेतलं, लोकांसमोर. मी कशाला बोलू? त्यांचं ते माझंच.

फोर्लाना बाहेर आली. मला पाहून थबकली. “त्या व्हायोला तुमच्या?” मी मान हलवली. तिनं माझा हात हातात घेतला, काही बोलायला गेली, आणि नावेत जाऊन बसली. या वेळी तिचे हात ऊबदार होते. तिच्याकडे करड्या खारीचा मफ आहे. यंदा व्हेनिसमध्ये पुष्कळ बायकांकडे तसे मफ दिसतात.

२१ फेब्रुवारी १७६५

कार्निव्हल संपला. काल चर्चमध्ये उपासांच्या पहिल्या दिवसाची राख कपाळाला लावून घेतली. आज पहाटे मास्तर म्युनिकला गेले.

मी नंतर जायचं आहे. आल्प्सच्या घाटात अजून बर्फ आहे, बाईमाणसाला झेपणार नाही, रस्ते मोकळे झाले की ते पत्र पाठवतील. ठरलं आहे. मी विणलेले मोजे त्यांनी नेले. मफचं राहूनच गेलं.

बोर्तोलोनं त्यांना पलीकडच्या किनाऱ्यावर मेस्त्रेच्या धक्क्यापर्यंत सोडलं. दुपारी परत आल्यावर मी विचारलं, “दोन्ही पेट्या नीट चढवल्या का हो?”

“सहा होत्या,” तो म्हणाला.

“सहा कशा?”

त्यानं बहिणीकडे पाहिलं. मावशी मणी ओवत राहिल्या. मग तो म्हणाला, “मोजायला चुकलो असेन, सिओरा,” आणि भाडं घ्यायला काही केल्या तयार होईना.

२५ मार्च

पत्र नाही. घाटात यंदा बर्फ उशिरापर्यंत आहे, असं मासेवाला म्हणाला. मासेवाल्याला काय माहीत असणार! पण बरं वाटलं.

२८ एप्रिल

पत्र नाही. लोकरीचा झगा पुरा झाला. बाहेर आता इतका उकाडा की तो नुसता बघूनही घाम येतो. रविवारी केस विंचरून खिडकीत बसले होते. मावशी म्हणाल्या, “ये खाली, मणी ओव माझ्याबरोबर.” मी म्हटलं, डाकेची वेळ आहे.

१८ मे

आज पत्र आलं. मला नाही, बाल्दिसेराच्या नकलांच्या दुकानात. ते मला राणीच्या पदाच्या नकलांचं काम देतात. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, मला माहीत असेलच सगळं. पत्र माझ्यापुढे ठेवलं. गास्पारेचं अक्षर.

‘म्युनिकच्या प्रयोगासाठी बारा प्रती धाडाव्यात. राणीच्या पदात ट्रंपेट ठेवावेत, शेवटी सर्व वाद्यांनी थांबावे, व्हायोला खर्जाबरोबर ठेवाव्यात. व्हेनिसच्या प्रतीत नकल करणाऱ्या बाईची चूक राहून गेली होती. सिओरा तेओदोरा म्हणतात, त्या व्हायोला वाजू लागल्या की आपल्याला गाता येत नाही. त्यांची प्रकृती सध्या नाजूक आहे, ऑगस्टपर्यंत त्यांना जपायचे आहे.’

नकल करणारी बाई. मी ते दोनदा वाचलं. मग सहा पेट्या मोजता आल्या, मफ दिसला, पोलेंता खाताना खाली ठेवलेली ताटली दिसली. मेनेगामावशींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोर्तोलोला, मासेवाल्याला, सगळ्या गल्लीला माहीत होतं. ज्या चुकीवर सारं व्हेनिस उठून उभं राहिलं, तिच्यावरच बसून ते दोघं म्युनिकला गेले, आणि ती चूक करताना मी आनंदात होते. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. मी इतकी आनंदात होते.

पत्र परत केलं. म्हटलं, “आठवड्यात देते.”

घरी येऊन आधी बाराही प्रतींतली व्हायोलाची ओळ लिहायला बसले. आश्रमात शिकवलंय, काम म्हणजे काम. बारा वेळा थांब्याची खूण केली. बारा वेळा लिहिलं: खर्जाबरोबर. अक्षर कुठेही हललं नाही. मावशी वर येऊन दारात बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांच्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल.

तिन्हीसांजेला खाली कालव्यात बोर्तोलोचा आवाज आला. गोंडोलावाले अजून ते पद गातात. ‘जा, वारा तुझ्या बाजूचा आहे.’ थांब्यापाशी तो आला, थांबला, आणि व्हायोलाची चाल गुणगुणायला लागला. पाचव्या ओळीला अडखळला. पुन्हा सुरू केली, पुन्हा अडखळला.

“सिओरा पेलेग्रीना!” खालून हाक आली. “पुढे कशी जाते हो ती? आमच्यात रोज भांडणं होतात. वाजवून तरी दाखवा.”

मी खिडकीतून म्हणाले, “मी सही केली आहे, बोर्तोलो. कुणाला ऐकू जाईल असं वाजवायचं नाही.”

“मग मी कानात बोटं घालतो!” आणि खरंच वल्हं काखेत धरून त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. मावशी हसल्या. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. आजवर आवरलेलं सगळं आलं.

तोंड धुऊन व्हायोला भिंतीवरून काढली. दोन वर्षांत तारा उतरल्या होत्या. सुरात लावताना एक तुटलीही, पण त्या चालीला ती लागत नाही. खिडकीत उभी राहून आठही ओळी वाजवल्या. पाचवीपाशी हळू वाजवली, बोर्तोलोला नीट कळावं म्हणून. शेवटचा सूर संपेपर्यंत थांबले नाही.

मग खिडकी लावून घेतली.